फेरिटिन ६, हिमोग्लोबिन ८.४: आहार आणि आयुर्वेदिक औषधांनी लोहाची कमतरता भरून निघेल का?

माणदेशी

नमस्कार. माझे वय ३६ असून मी फलटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेले वर्षभर जिना चढताना धाप लागणे, दुपारच्या तासाला फळ्याजवळ उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि विंचरताना केसांचा पुंजका हातात येणे हे सगळे चालू होते, पण परीक्षांचे काम आणि घरची धावपळ यांमुळे असे होत असेल असे समजून मी दुर्लक्ष केले. मागच्या महिन्यात अखेर रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.४, लाल पेशी ३९ लाख, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६८ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) ६ असे आकडे आले. डॉक्टरांनी लोहाची १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितली. बारा दिवस घेतली, परंतु मळमळ, पोटात कळ आणि बद्धकोष्ठता यांनी मी इतकी हैराण झाले की गोळ्या बंद केल्या.

आमचे घर माळकरी असल्यामुळे मांस, मासे, अंडी यांपैकी काहीच चालत नाही. सासूबाई रोज सकाळी बीट आणि डाळिंबाचा रस काढून देतात, जेवणानंतर गुळाचा खडा हातावर ठेवतात आणि पंधरा दिवसांत रक्त वाढेल असे मायेने सांगतात. एका मैत्रिणीने लोहभस्म असलेल्या आयुर्वेदिक गोळ्या सुचवल्या आहेत. मला गोळ्यांचा तो त्रास पुन्हा नको आहे. आहार आणि वनौषधी यांवरच ही कमतरता भरून काढता येईल का, आणि येत असेल तर नेमके काय आणि किती खावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. तांदूळ निवडायला बसले की मूठभर कच्चे तांदूळ नकळत तोंडात जातात. आता तर डब्यातून काढून खाण्याची इतकी ओढ लागली आहे की मुलगी रागावते. याचा या आजाराशी काही संबंध असेल का?

ओंजळ

नमस्कार ताई. मी आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे आहाराच्या बाजूने लिहिते. कच्च्या तांदळाबद्दल संकोच मुळीच बाळगू नका, कारण कच्चे तांदूळ, खडू, भाजलेली माती किंवा बर्फ खावासा वाटणे हे लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे. लोह भरू लागले की ही ओढ बहुतेक वेळा आपोआप थांबते, आणि ती हिमोग्लोबिनचा आकडा वाढण्याआधीच थांबल्याचे अनेकींनी मला सांगितले आहे.

तुमचा मुख्य प्रश्न हिशेबाने सोडवणे सोपे आहे, म्हणून आधी हिशेब मांडते. तुमचे वजन ५० किलो धरले तर शरीरात सुमारे सव्वातीन लिटर रक्त असेल. हिमोग्लोबिन ८.४ वरून १२ वर न्यायचे म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तामागे ३.६ ग्रॅम, अर्थात एकूण साधारण ११७ ग्रॅम हिमोग्लोबिन शरीराला नव्याने घडवावे लागेल. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते, तेव्हा एवढ्यासाठीच ४०० मिलिग्रॅम लोह हवे. फेरिटिन ६ असणे म्हणजे साठ्याची कोठीही रिकामी असणे, आणि ती भरायला आणखी ३०० ते ५०० मिलिग्रॅम लागतात. एकूण देणे ७०० ते ९०० मिलिग्रॅमचे झाले.

आता जमेची बाजू पाहू. धान्ये, डाळी आणि भाज्या यांतील लोहापैकी फारच थोडे अंगी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, ते आपल्या जेवणातले सुमारे ८ टक्केच शोषले जाते असे धरून. म्हणजे उत्तम शाकाहारी ताटातून दिवसाला दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तात पोहोचते. त्यातले सुमारे एक मिलिग्रॅम त्वचेच्या आणि आतड्याच्या रोजच्या झिजेत जाते, आणि पाळी येणाऱ्या स्त्रीचे सरासरीने आणखी अर्धा ते एक मिलिग्रॅम जाते. कमतरता असताना आतडे थोडे जास्त लोह शोषून घेते हे खरे आहे, तरीही सगळा आहार सुधारून रोज एक मिलिग्रॅम शिल्लक पडू लागले असे मानले, तर ९०० मिलिग्रॅमचे देणे फिटायला अडीच वर्षे जातील. याउलट ६० मिलिग्रॅम लोहाच्या एका गोळीतून दहा-पंधरा टक्के जरी शोषले गेले, तरी ते सहा ते नऊ मिलिग्रॅम होते. माझे मत म्हणून स्पष्ट लिहिते की ८.४ या आकड्यावर केवळ आहाराच्या भरवशावर राहू नये. गोळीचा त्रास कसा कमी करता येईल, हे डॉक्टरांना विचारावे. आहाराचे काम लहान नाही, पण ते वेगळे आहे: एकदा भरलेली कोठी पुन्हा रिकामी होऊ न देणे हे त्याचे काम.

बीट आणि डाळिंब यांच्याबद्दल सासूबाईंना नाराज न करता सांगावे लागेल. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते आणि डाळिंबाच्या दाण्यांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी. बिटाचा लाल रंग वेगळ्या रंगद्रव्याचा आहे, त्याचा रक्ताच्या रंगाशी संबंध नाही. गुळात १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह सापडते, पण हातावरचा खडा दहा ग्रॅमचा, म्हणजे त्यातून अर्धा मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. रसाचा पेला बंद करायची गरज नाही, पण त्याच पहाटेच्या कष्टात सासूबाईंनी एक आवळा किसून दिला तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

कारण असे की वनस्पतींतील लोह आतड्याला सहज घेता येईल अशा रूपात नसते, आणि क जीवनसत्त्व ते त्या रूपात आणते व विरघळलेले ठेवते. एका मध्यम आवळ्यात सुमारे १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि अर्ध्या पेरूतही जवळपास तेवढेच मिळते. लिंबात ते कमी असले तरी लिंबू बारा महिने घरात असते. मात्र ते त्याच जेवणात, त्याच घासांबरोबर पोटात जायला हवे. दुपारी चार वाजता खाल्लेल्या पेरूचा एक वाजताच्या भाकरीला काही उपयोग नाही. लिंबू पिळायचे ते भांडे खाली उतरवल्यावर, कारण उकळत्या आमटीत हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. मोरावळ्यातही ते ताज्या आवळ्यापेक्षा कमीच उरते.

तुमच्या भागात बाजरी पिकते, ही मोठी जमेची बाजू आहे. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते. धनशक्ती हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले, आणि महाराष्ट्रातीलच एका निवासी शाळेत १२ ते १६ वर्षांच्या मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी काही महिने रोज दिली, तेव्हा साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा लवकर सुधारल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बियाणे किंवा धान्य मिळाले तर अवश्य घ्या.

दिवसाचे ताट साधारण असे ठेवता येईल. सुमारे १२० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून साडेसात मिलिग्रॅम, मूठभर मटकीला मोड आणून केलेल्या उसळीतून तीन, शेवग्याच्या पाल्याच्या किंवा लाल माठाच्या भाजीतून चार-साडेचार आणि कारळ्याच्या दोन चमचे चटणीतून दीड-दोन मिलिग्रॅम मिळतात. मधल्या वेळी फुटाणे किंवा राजगिऱ्याची वडी घेतली की बेरीज २० च्या आसपास जाते. कुळथाचे पिठले आठवड्यातून दोनदा करा. मटकी भिजवून मोड आणल्याने त्यातील फायटेट कमी होते, जे लोहाला धरून ठेवते आणि शोषू देत नाही. भाकरीच्या पिठातले फायटेट मात्र तसेच राहते, म्हणून तिच्याबरोबर लिंबाची फोड किंवा आवळ्याची कोशिंबीर हवीच.

चहाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण आपल्याकडे शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा आणि चहा एकत्रच होतो, म्हणून लिहिते. जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतीजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. चहा सोडायला मी सांगत नाही, जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक-दीड तास तो घेऊ नये एवढेच सांगते.

वेखंड

नमस्कार. मी आयुर्वेदाची पदवीधर असून कोल्हापूर भागात चिकित्सा करते. वर ओंजळ यांनी मांडलेला हिशेब मला पूर्ण मान्य आहे, आणि आयुर्वेदाची परंपराही त्याच्या विरोधात नाही, हे सांगावेसे वाटते.

लोकांच्या मनात एक समजूत पक्की बसली आहे की आयुर्वेदात पांडुरोगावर, म्हणजे रक्तक्षयाशी मिळत्याजुळत्या आजारावर, वनस्पती देतात आणि लोह हे फक्त ॲलोपॅथीचे औषध आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाचाच आहे, आणि त्यातील प्रमुख योग पाहिले तर त्यांचा कणा लोहच आहे. नवायस चूर्णात त्रिफळा व त्रिकटू यांतली तीन-तीन, शिवाय नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशी नऊ द्रव्ये प्रत्येकी एक भाग असतात, आणि लोहचूर्ण एकटेच नऊ भाग असते. पुनर्नवा मंडूर या योगाच्या नावात पुनर्नवा आधी येते, परंतु त्यात मंडूर बाकीच्या सर्व चूर्णाच्या दुप्पट घ्यायला सांगितले आहे. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट, आणि शंभर वर्षांचा कीट उत्तम असे रसग्रंथ सांगतात. धात्री लोहात लोहभस्माबरोबर आवळा आहे. आवळ्याची ही जोड क जीवनसत्त्व हे नाव माहीत होण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि मला ती आपल्या वैद्यांच्या निरीक्षणाची फार मोठी खूण वाटते.

म्हणून तुमच्या मैत्रिणीने सुचवलेल्या गोळ्या ‘वनौषधी’ समजून घेऊ नका. त्या लोहाच्याच गोळ्या आहेत. त्या घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. एक म्हणजे डॉक्टरांची गोळी आणि ही गोळी दोन्ही एकदम, एकमेकांना न सांगता घेऊ नयेत. दुसरी गोष्ट भस्माच्या प्रतीची. नीट न झालेल्या भस्मातून शिसे किंवा पारा पोटात जाण्याचा धोका असतो, त्यामुळे परवाना क्रमांक आणि तुकडी क्रमांक छापलेला नाही अशी पुडी जत्रेतून किंवा रस्त्यावरून घ्यायचीच नाही. तिसरी गोष्ट अशी की पुनर्नवा मंडुरात निशोत्तर आणि दंती ही रेचक द्रव्ये असतात, त्यामुळे गर्भवतीने किंवा ज्यांचे पोट मुळातच नाजूक आहे त्यांनी ते वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

याच दिशेने सरकारी पातळीवरही काम होत आहे. आयुष मंत्रालय आणि महिला व बालविकास मंत्रालय यांनी किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयासाठी पाच जिल्हे निवडले, त्यांत आपला गडचिरोली आहे, आणि तिथे द्राक्षावलेह व पुनर्नवादि मंडूर ही औषधे वापरायचे ठरले. त्यातही लोह मंडुराचेच आहे.

कच्च्या तांदळाविषयी वाचून मला चरकांचे वर्गीकरण आठवले. त्यांनी पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला पाचवा मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाण्याने होणारा. माती खाणे हे कारण की लक्षण, हा प्रश्न आज वेगळ्या रीतीने मांडला जातो, पण या दोहोंचे नाते त्या काळीही ओळखले गेले होते.

मी तुमच्या जागी असते तर हिमोग्लोबिन ११ च्या वर जाईपर्यंत डॉक्टरांचेच औषध सोसेल अशा मात्रेत घेतले असते आणि पचनासाठी वैद्याची मदत घेतली असती. रात्री दहा-पंधरा काळ्या मनुका भिजत घालून सकाळी पाण्यासकट खाणे हा बद्धकोष्ठतेवर साधा आणि निर्धोक उपाय आहे. मनुकांनी रक्त वाढते असे मी म्हणत नाही, पोट साफ राहते आणि त्यामुळे गोळी सोसते.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आहार आणि औषधे यांवर वर इतके चांगले लिहिले गेले आहे की मी फक्त अहवालाविषयी आणि कारणाविषयी लिहितो.

लाल पेशी लहान असण्याचे कारण आपल्या देशात नेहमी लोहाची कमतरता असेलच असे नाही. थॅलसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलेल्यांच्या पेशीही लहान असतात, आणि अशा कितीतरी जणांना वर्षानुवर्षे विनाकारण लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्याचे मी पाहिले आहे. एक ढोबळ परीक्षा अशी की एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागावे. भागाकार १३ पेक्षा कमी आला तर थॅलसेमियाच्या दिशेने विचार करावा. तुमच्या बाबतीत ६८ भागिले ३.९ म्हणजे १७ च्या वर येते, आणि फेरिटिन ६ असल्यामुळे लोहाच्या कमतरतेबद्दल शंकाच उरत नाही. विदर्भातील किंवा नंदुरबार भागातील वाचकांनी सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची चाचणीही लक्षात ठेवावी. तुम्ही शुद्ध शाकाहारी असल्यामुळे बी-१२ एकदा तपासून घ्या. ते कमी असेल तर नुसत्या लोहाने रक्त अर्ध्या वाटेवर अडते.

परंतु माझा मुख्य प्रश्न दुसराच आहे. हे लोह गेले कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तो इतका सर्रास असल्यामुळेच घरातल्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही तो स्वाभाविक वाटू लागतो, याचे मला फार वाईट वाटते. ताई, तुमच्या पाळीबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेले नाही. पाळी किती दिवस चालते, पॅड दोन तासांत भिजतो का, गाठी पडतात का, रात्री उठावे लागते का? याशिवाय मूळव्याधीचा रक्तस्राव, जंत, दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, आतड्याचा सिलिॲक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसणे) यांचाही विचार करावा लागतो. नळ उघडा ठेवून टाकी भरत बसण्यात अर्थ नाही.

वायंगण

काचपट्टी यांच्या प्रश्नाला धरून आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितली नाही तर मला चैन पडणार नाही.

माझे वडील ६६ वर्षांचे असताना त्यांचे हिमोग्लोबिन ७.९ आले. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी वयोमानाप्रमाणे होते असे सांगून टॉनिक दिले, आणि आम्ही घरच्यांनी खजूर, शेंगदाणे, गूळ, नाचणीची आंबील, काही म्हणून कमी पडू दिले नाही. आम्ही सिंधुदुर्गातले, त्यामुळे खेकडे आणि तिसऱ्याही (शिंपल्या) आठवड्यातून दोनदा होत्या. सहा महिने असे गेले. आकडा थोडा वर जायचा आणि पुन्हा खाली यायचा. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडे तपासायला लावले, तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली, जिच्यातून डोळ्यांना न दिसेल इतके थोडे थोडे रक्त रोज जात होते. शस्त्रक्रिया झाली, आज ते बरे आहेत. पण ते सहा महिने माझ्या मनातून जात नाहीत. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी दिसले की आधी पोटातून रक्त जात नाही ना हे पाहावे, असे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते.

स्वयंपाकाच्या बाबतीत एक भर घालतो. आमच्या आजीची लोखंडाची कढई अजून वापरात आहे. तीत आमसूल घातलेली कुळथाची कळण अर्धा तास राहिली की रंग काळपट होतो आणि जिभेला किंचित तुरट-लोखंडी चव लागते. ते कढईतून उतरलेले लोहच असते, आणि आंबट पदार्थात ते जास्त उतरते. बिडाच्या तव्यावर भाकरी भाजून तेवढे उतरत नाही, कारण ती कोरडी आणि आंबटपणा नसलेली असते. कढई घासून लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवून ठेवावी, गंज चढलेली वापरू नये.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. काचपट्टी सर, तुमचे प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्प बसले, कारण त्या सगळ्यांचे उत्तर ‘हो’ असे आहे. पाळी सात-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस दोन तासांत पॅड बदलावा लागतो, आणि शाळेत असले की मी गडद रंगाचीच साडी नेसते. धाकट्याच्या जन्मानंतर हे सुरू झाले आणि सगळ्यांचेच असे असते असे मी धरून चालले. आईचेही असेच होते. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेते.

ओंजळताई, चहाचा अंदाज अगदी बरोबर आहे. डबा संपतो त्या क्षणी चहाचा पेला हातात असतो. आणखी एक विचारायचे आहे: गोळी पुन्हा सुरू करायची झाली तर ती कशी घ्यावी म्हणजे सोसेल?

ओंजळ

मात्रा डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यापुढे एक प्रश्न अवश्य ठेवा: गोळी दिवसातून एकदाच, किंवा एक दिवस आड घेतली तर चालेल का? लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते सुमारे दिवसभर आतड्याचे दार अर्धवट मिटून ठेवते. त्यामुळे संध्याकाळची दुसरी गोळी बरीचशी न शोषता पुढे सरकते आणि पोटाला त्रास मात्र पुरेपूर देते. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात रोजच्या मात्रेतून सुमारे १६ टक्के आणि एक दिवसाआडच्या मात्रेतून सुमारे २२ टक्के लोह शोषले गेले.

गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेणे उत्तम. मळमळ झाली तर थोडे खाऊन घ्या, शोषण काहीसे कमी होईल, पण गोळी बंद होण्यापेक्षा ते बरे. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताचे औषध यांपासून दोन तासांचे अंतर ठेवा, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचे. शौचाला काळे होणे हे गोळीमुळे असते, त्याने घाबरू नका. मात्र डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळ्या धाकट्याच्या हाती लागणार नाहीत अशा उंचावर ठेवा, कारण लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतते.

वायंगण यांनी नाचणीचा उल्लेख केला म्हणून लिहिते: नाचणी उत्तम धान्य आहे, पण तिची खरी श्रीमंती कॅल्शियमची आहे. लोहासाठी बाजरी, मटकी आणि कुळीथ यांच्यावर भर द्या.

माणदेशी

सात आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. ती साधी आहे असे डॉक्टरांनी सांगितले आणि पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी गोळी दिली. लोहाची गोळी त्यांनी एक दिवसाआड, एकच, करून दिली. मळमळ पहिल्या आठवड्यात थोडी झाली, नंतर नाही. वेखंडताईंच्या मनुका रोज चालू आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

काल अहवाल आला. हिमोग्लोबिन १०.६ आणि एमसीव्ही ७५. बी-१२ कमी निघाले, त्याचेही औषध सुरू झाले आहे. तांदळाची ओढ तिसऱ्या आठवड्यातच गेली. सासूबाई आता पहाटे बिटाऐवजी आवळा किसतात, त्यावर मीठ-जिरे घालतात, आणि भाकरीच्या ताटात तो पहिल्यांदा वाढला की नाही हे स्वतः पाहतात. शाळेत आम्ही चार शिक्षिकांनी मिळून चहाची वेळ पुढच्या सुट्टीवर नेली आहे.

काचपट्टी सर, हिमोग्लोबिन १२ झाले की गोळी थांबवायची का? आणि माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला मागच्या वर्षी पाळी सुरू झाली. तिचे काय करावे?

काचपट्टी

आकडा चांगला वाढला आहे, फार आनंद झाला. हिमोग्लोबिन १२ झाले म्हणजे रक्त भरले, कोठी अजून रिकामीच असते. त्यानंतर साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात आणि मग फेरिटिन पुन्हा पाहतात, तेव्हा डॉक्टरांना न विचारता मध्येच थांबवू नका.

मुलीचे रक्त आत्ताच एकदा तपासा आणि पाळीत किती रक्त जाते हे तिला मोकळेपणाने विचारा, म्हणजे आई आणि आजीप्रमाणे तीही ते मुकाट्याने सोसत राहणार नाही. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची असते. ती दप्तरात न राहता जेवणानंतर पोटात जाईल एवढे पाहा. जंतनाशक गोळीही वर्षातून दोनदा शाळेतच मिळते. तिचा अहवाल आला की इथे लिहा.